विमानाच्या नाकाला कुंकू

जळगावात ज्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो, तिथे मला ‘पायलट सर’ म्हणतात. या पदवीसोबत काही जबाबदाऱ्या येतात. गणपती जवळ आले की प्राचार्य केबिनमध्ये बोलावून चहा पाजतात आणि विचारतात, “सर, विसर्जनाच्या मिरवणुकीवर वरून फुलं टाकता येतील का? फुलांचा खर्च संस्था करेल.” कापडबाजारातल्या एका शेठजींची मागणी त्याहून व्यवहारी. आमच्या घरातल्या लग्नांचे बस्ते त्यांच्याच दुकानात बांधले जातात, त्यामुळे त्यांचा माझ्यावर हक्क आहे.

“सरजी, सेल लागलाय. फक्त पत्रकं सोडायची वरून. शहरभर एक चक्कर. तुमचंही नाव छापतो खाली.”

“शेठ, तशी परवानगी नसते.”

“मग एवढं शिकून उपयोग काय?”

हा प्रश्न मी स्वतःलाही अधूनमधून विचारतो. खासगी पायलटचं लायसन्स माझ्याकडे आहे. त्यावर नोकरी मिळत नाही, भाडं घेता येत नाही आणि स्वतःचं विमान नसेल तर कुठे जाताही येत नाही. या लायसन्सचा एकच ठोस उपयोग मला सापडलाय, तो म्हणजे ते टिकवण्यासाठी धडपडत राहणं.

मी उडायला शिकलो कसा, हेही लोकांना पटत नाही. आमच्या घरात पदवी आणणारा मी पहिला. ते सर्टिफिकेट आबांनी, म्हणजे वडिलांनी, फ्रेम करून देवघराच्या वर टांगलंय, त्यामुळे देवांना सकाळ-संध्याकाळ ते वाचावं लागतं. अशा घरातला माणूस विमान उडवतो म्हटल्यावर काहीतरी भानगड असणार, असं नातेवाइकांना वाटणं साहजिक आहे. भानगड एवढीच होती की धुळ्याजवळच्या धावपट्टीवर एक लहानसा फ्लाइंग क्लब आहे आणि तिथे शिकणाऱ्या पोरांना हवामान आणि भौतिकशास्त्र शिकवायला कुणीतरी हवं होतं. क्लबला मानधन परवडत नव्हतं. “त्याऐवजी उड्डाणाचे तास देऊ,” असं ते म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. कुणी काही दिलं की मी आधी आभार मानतो आणि काय दिलंय ते नंतर बघतो. लहानपणी शाळेत लागलेलं वळणच तसं आहे. तर दर रविवारी मी पोरांना वारे शिकवायचो आणि बदल्यात क्लब मला त्या वाऱ्यांत सोडायचा. काही वर्षांत लायसन्स हातात आलं.

ते हातात आल्यावर कळलं की खरी परीक्षा आता सुरू झाली. लायसन्स चालू राहायचं असेल तर ठरलेल्या मुदतीत, एकट्याच्या जबाबदारीवर, ठरलेले तास हवेत काढावे लागतात. नाही काढले तर लायसन्स कागद म्हणून शिल्लक राहतं, पण शेजारच्या खुर्चीत माणूस बसवण्याचा हक्क जातो. मग बाहेरगावचा परीक्षक येणार, त्याच्यासमोर सगळं पुन्हा करून दाखवायचं. क्लबमधल्या एका डॉक्टरांचे असे तास हुकले होते. परीक्षकाची तारीख, विमानाची तारीख आणि स्वतःची तारीख जुळवता जुळवता शेवटी त्यांनी गोल्फ सुरू केलं. धुळ्यात गोल्फचं मैदान नाही, यावरून त्यांची मनःस्थिती लक्षात यावी.

आबांना मी हे समजावलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “म्हंजे मोटारसारखं शे. चालू नही ठेवी तर जाम व्हई जास.” विहिरीवरच्या मोटारीच्या उपमेने त्यांना जे एका वाक्यात कळलं, ते दिल्लीच्या विमान खात्याच्या नियमावलीत मला कितीतरी पानं वाचून कळलं होतं.

आता हे तास मिळतात कसे, ते सांगतो. क्लबकडे दोन विमानं. त्यातलं एक कायम दुरुस्तीला उघडलेलं. दुसऱ्यावर पहिला हक्क फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांचा, आणि ते योग्यच आहे. मग हवामानाचा. चैत्र-वैशाखात खानदेशात अशी गरम हवा वर उसळते की लहान विमान सुपातल्या दाण्यासारखं पाखडलं जातं. पावसाळ्यात ढग. हिवाळ्यात सकाळी शेतकरी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवतात, त्या धुराने धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नाही. हे सगळं नसलं तर इंधनाचे ड्रम आलेले नसतात. या सगळ्यांचं भागून उरलंसुरलं आकाश माझं. शिवाय मी जळगावहून बसने यायचो. जळगाव-धुळे रस्ता रुंद होत असलेला मी वर्षानुवर्षं प्रत्यक्ष पाहतोय. माझ्या डोळ्यांदेखत तो कधी रुंद झालेला मात्र नाही. अनेकदा धुळ्यात पोचेपर्यंत वारा फिरलेला असायचा, आणि मग मी पोरांना वारा का फिरतो ते शिकवून परत यायचो.

हे सगळं मी विनातक्रार केलं, कारण एक माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीची वाट बघत होता.

आबा तोवर आयुष्यात विमानात बसले नव्हते. एका निवडणुकीत मंत्र्याचं हेलिकॉप्टर तालुक्याला आलं होतं, तेव्हा मला खांद्यावर घेऊन ते दाखवायला गेले होते. धूळ डोळ्यांत गेली, मंत्री दिसले नाहीत. तेवढाच त्यांचा हवाई अनुभव. मला नोकरी लागल्यावर मी त्यांना मुंबईहून कुठेतरी विमानाने नेतो म्हणालो, तर नको म्हणाले. लायसन्स मिळाल्यावर मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं, “तुना शेजारे बससू. दुसरा कोनाना नही.” त्यानंतर दर फोनवर एकच विचारणा असायची: “व्हयनात का तुना तास?” तास कधी पुरे व्हायचे तर विमान बंद असायचं; विमान चालू व्हायचं तोवर नवी मुदत आणि नवे तास सुरू झालेले असायचे. अशी काही वर्षं गेली. आबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, गुडघे कुरकुरायला लागले. विमानाच्या पंखावर पाय देऊन आत चढावं लागतं, आणि तो पाय दर वर्षी थोडा कमी उचलला जात होता. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र ते ओसरीची पायरी चढताना बघायचो आणि मनात पंखाची उंची मोजायचो.

त्या वर्षी मुदत संपायला दोन-तीन दिवस उरले आणि माझा एक तास कमी पडत होता. मध्ये दसरा आला. दसऱ्याला सगळे विद्यार्थी आपापल्या गावी जातात, म्हणजे विमान मोकळं. आकाश स्वच्छ, ड्रम भरलेले, विमान धड. इतक्या गोष्टी एकाच दिवशी जमून आलेल्या मी क्लबमध्ये पूर्वी पाहिल्या नव्हत्या. मी आबांना फोन केला की सकाळी या. क्लबच्या नियमाप्रमाणे मी आधी एकट्याने तास पुरा करतो, उतरतो, आणि लगेच तुम्हाला घेऊन एक चक्कर मारतो.

आबा एकटे आले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्यांच्यासोबत जीप भरून घरची माणसं आली आणि सगळ्यांच्या पुढे अक्का. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, माझी आत्या. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणतं. गावात नवा ट्रॅक्टर येवो, मळणीयंत्र येवो की कुणाची मोटरसायकल, अक्कांच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय ते चालू होत नाही. एकदा एकाने घाईत पूजा न करता ट्रॅक्टर काढला आणि तो वळणावरच्या नाल्यात गेला. चालवणारा प्यायलेला होता, हे कारण गावात कुणीही विचारात घेतलं नाही.

अक्कांच्या हातात ताट होतं: हळद, कुंकू, अक्षता, नारळ, झेंडूची माळ, आपट्याची पानं. त्यांनी विमानाला आधी दुरून न्याहाळलं.

“आते इतलं मोठं यंत्र आनि दसराले तसंच उघडंबोडकं?”

क्लबचे इन्स्ट्रक्टर पुण्याचे, सैन्यातून निवृत्त झालेले. शिस्तीचे मोठे भोक्ते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग अक्कांकडे पाहिलं आणि शिस्त खिशात ठेवली. “पाच मिनिटं. पंख्याला कुणी हात लावायचा नाही. नारळ धावपट्टीवर फोडायचा नाही.” क्लबचे मेकॅनिक जामनेरचे, स्वभावाने धार्मिक. सकाळी स्पॅनर हातात घेण्याआधी ते स्पॅनरलाही नमस्कार करतात. त्यांना तर हे सगळं आपल्यालाच सुचायला हवं होतं असं वाटत होतं. त्यांनी ताट धरलं.

मी विमानाभोवती फिरून उड्डाणाआधीची तपासणी नुकतीच संपवली होती. टायर, तेल, इंधन, पंखांचे बिजागर, सगळं नीट. आता तपासलेल्या विमानाला पाहुण्यांचे हात लागणार हे मला दिसत होतं, पण आत्याला “हात लावू नका” म्हणणारा भाचा आमच्याकडे अजून जन्माला यायचाय.

अक्कांनी पद्धतशीर सुरुवात केली. तीनही चाकांना कुंकू. दाराला कुंकू. आतल्या हँडलला कुंकू. मागच्या शेपटीला हात पुरेना, म्हणून लांबूनच अक्षता. मग पंखाखालून वाकून येताना त्यांना बोटाएवढी एक नळी पुढे डोकावताना दिसली.

“हाई काय शे रे भाऊ?”

आणि इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. गेली कितीतरी वर्षं मी ही नळी फळ्यावर काढून पोरांना समजावत आलोय आणि मागच्या बाकावरची पोरं झोपत आलीत. आज पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून विचारत होतं. सगळी जीप कान देऊन उभी होती. मी घसा साफ केला.

“अक्का, या नळीच्या तोंडातून समोरचा वारा आत जातो. जितका वेग जास्त, तितका वारा आत जोरात दाबला जातो. त्या दाबावरून आतल्या घड्याळाची सुई फिरते आणि विमान किती वेगाने चाललंय ते कळतं. तो वेग कळला नाही तर विमान उचलता येत नाही. समजा की हे विमानाचं नाक आहे. सगळ्यात महत्त्वाचं.”

“सगळामा महत्त्वानं?”

“सगळ्यात.”

“बरं व्हयनं सांगं,” अक्का म्हणाल्या. तेवढ्यात चुलतभावाने फोटोसाठी हाक मारली. मी विमानाच्या दुसऱ्या बाजूला आबांशेजारी जाऊन उभा राहिलो आणि छाती किती पुढे काढावी याचा विचार करू लागलो. मागून “आखो लाय, आखो लाय थोडं” असा कुणाचा तरी अजून लावण्याचा प्रेमळ आग्रह ऐकू येत होता. तो कशाबद्दल होता ते मला नंतर कळलं.

पूजा झाली. नारळ कुंपणाबाहेर फुटला. माळ काढून मेकॅनिकनी आपल्या टेबलावर ठेवली. मंडळी कुंपणामागच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. मी एकटा आत बसलो, पट्टा आवळला, इंजिन सुरू केलं आणि धावपट्टीच्या टोकाला येऊन नाक वाऱ्याकडे केलं. परवानगी मिळाली, थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला, विमान पळायला लागलं.

विमान पळायला लागलं की काही क्षणांत वेगाची सुई जागी होते, आणि पायलटने ‘सुई उठली’ असं मोठ्याने म्हणायचं असतं. माझं तोंड उघडं होतं, पण म्हणण्यासारखं काही घडेना. सुई शून्यावर चिकटून बसली होती. बाहेरचं गवत मागे पळत होतं, पांढऱ्या पट्ट्या एकमेकींत मिसळत होत्या, आणि घड्याळाच्या मते मी जागेवर उभा होतो. मी थ्रॉटल मागे ओढला, ब्रेक लावले. धावपट्टी बरीच उरलेली असताना विमान थांबलं. 

कुंपणामागून टाळ्या आल्या.

मी विमान हळूहळू परत आणलं, इंजिन बंद केलं. चुलतभाऊ कुंपणाच्या तारेवरून ओरडला, “एक नंबर! काय पळालं राव!” त्यांच्या दृष्टीने कार्यक्रम यशस्वी झाला होता. विमान इकडून तिकडे पळालं, परत आलं, ड्रायव्हर सुखरूप. यापेक्षा जास्त अपेक्षा ते ट्रॅक्टरकडूनही ठेवत नाहीत.

मेकॅनिक पंखाखाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“सर, नाक चोंदलंय.”

नळीच्या तोंडात ओल्या हळद-कुंकवाचा गोळा होता. त्याच्या आत, बोटाने नीट दाबून बसवलेले, तांदळाचे दाणे. अक्कांनी माझं व्याख्यान शब्दशः मनावर घेतलं होतं. चाकांना टिळा, दाराला टिळा आणि सगळ्यात महत्त्वाच्या अवयवाला सगळ्यात जास्त. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एखाद्याने शिकवलेलं इतक्या तत्परतेने प्रत्यक्षात आणल्याचं हे एकमेव उदाहरण.

मी म्हटलं, “फुंकून काढू.”

“समोरून फुंकलं तर दाणा आणखी आत जाईल. आणि आतलं घड्याळ जोडलेलं असताना फुंकलं तर घड्याळ जाईल. नळी मागून सोडवावी लागेल. मग साफ करायची, जोडायची, गळती बघायची, मग मी सही करणार.” त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “ताट मीच धरलं होतं सर.”

इन्स्ट्रक्टर पुढे आले. त्यांनी खिशातून शिस्त बाहेर काढली, पण आता तिला काही काम उरलं नव्हतं. “दुपारपर्यंत झालं तर बघू. अंधार पडायच्या आत उतरायला हवं. नाहीतर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते मला पूर्ण पाठ होतं. उद्या विद्यार्थी परत येणार, परवा मुदत संपणार, मग परीक्षक, तारखा आणि शेवटी गोल्फ.

बातमी लिंबाखाली पोचली. कुणीतरी ती अशी पोचवली की अक्कांनी विमानाचं नाक दाबलं आणि पोरगा वाचला. अक्का उठून तारेपाशी आल्या. आधी त्या रागावल्या, आणि तो राग अर्थातच विमान बनवणाऱ्यांवर होता.

“मंग त्या नळीले उघडं भोक कसाले ठेवं त्यास्नी? झाकन लावता येत नही का?”

“झाकण असतं अक्का. उडताना काढावं लागतं.”

“तू तर म्हने नाक शे. नाकले कुंकू लावतस नही का?”

 त्या परत जाऊन लिंबाच्या बुंध्याला टेकून बसल्या आणि पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने मला कळलं की त्या रडताहेत. माझा तास बुडाल्याबद्दल नाही. तास म्हणजे काय हे त्यांना माहीतही नव्हतं. त्यांना एवढंच उमगलं होतं की आपल्या बोटामुळे भाचा वरून पडला असता.

जेवणाचे डबे उघडले. खापरावरच्या पुरणपोळ्या, सोबत झणझणीत आमटी म्हणजे आमची रसई, कुरडया. विमान दुरुस्त होण्याची वाट बघताना आमच्या माणसांनी जे जेवण केलं, ते पाहून एखाद्याला वाटलं असतं की विमान मुद्दाम बिघडवलंय. इन्स्ट्रक्टरांनी पहिली पोळी शिस्तीने नाकारली, दुसरी घेतली, तिसरी मागितली. अक्का जेवल्या नाहीत. आबा जेवले, हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं विचारणार, आज व्हई का? त्यांनी विचारलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून ते पंखाखाली उताण्या पडलेल्या मेकॅनिककडे बघत राहिले. मी मनात सूर्य मोजत होतो.

नळीतला शेवटचा दाणा निघाला तेव्हा सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. मेकॅनिकनी सही केली, नळीला दुरूनच नमस्कार केला आणि अक्कांकडे पाहून हात जोडले, ते बहुधा आता जवळ येऊ नका या अर्थाने. मी पुन्हा सगळी तपासणी केली. या वेळी नळीच्या तोंडात टॉर्च मारून पाहिला.

पुन्हा धावपट्टी. पुन्हा थ्रॉटल. सुई थरथरली आणि उठली. एकट्या केबिनमध्ये मी ते वाक्य इतक्या जोरात ओरडलो की कुणी सोबत असतं तर दचकलं असतं.

एक तास हवेत काढणं म्हणजे काय, याबद्दल लोकांच्या कल्पना फार सुंदर असतात. मी तो तास धुळ्याच्या आसपास गोल-गोल फिरून काढला. खाली पांझरा नदीचं पात्र, कपाशीची शेतं, रस्त्यावरचे ट्रक. वर दोन वेळा घार आली, ती काही न टिपता फिरत होती, अगदी माझ्यासारखी. दर वळणावर मी दोनच गोष्टी बघायचो, मनगटावरचं घड्याळ आणि सूर्य. दोघांची शर्यत लागली होती आणि मी मधल्यामध्ये पेट्रोल जाळत होतो. खाली लिंबाखाली पांढऱ्या टोप्यांचा एक पुंजका दिसत होता. त्यातली आबांची कोणती ते ओळखता येत नव्हतं.

तास भरला. उतरलो. इन्स्ट्रक्टरांनी पश्चिमेकडे हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते पाहिलं. “एक चक्कर. फक्त एक. लगेच बसवा त्यांना.”

मी धावतच कुंपणाशी गेलो. “आबा, चला. झाले तास.”

आबा उठले. टोपी सारखी केली. दोन पावलं आले आणि थांबले. मग मागे वळले. अक्का अजून बुंध्याला टेकून बसल्या होत्या, सकाळपासून उपाशी.

“पहिले अक्काले बसाड,” आबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. “आबा, एकच चक्कर आहे. उजेड नाही. तुम्ही किती वर्षांपासून...”

“तू चालू शेस ना आते?”

“हो, पण...”

“मंग माले घाई कसानी? मी कव्हयबी येसू. आज ती अशीच घर गई तर आखो कोना ट्रॅक्टरले हात लावाव नही.”

अक्कांनी साफ नकार दिला. “माले नही बसनं. मना हात खराब शे.” पण आमच्या घरात धाकटा भाऊ एकदा म्हणाला की म्हणाला. आबांनी आणि मी मिळून त्यांना पंखावर चढवलं. मी पट्टा बांधला, कानांवर हेडफोन बसवले. त्यांनी दोन्ही हात जोडून मांडीवर ठेवले आणि ते हात पूर्ण वेळ सोडले नाहीत. बहुधा पुन्हा कशाला लागू नयेत म्हणून.

विमान पळायला लागलं. अक्कांचे डोळे समोर आकाशाकडे नव्हते, माझ्या पुढ्यातल्या घड्याळांवर होते.

“त्यामातली कोनती?”

“ती. डावीकडची.”

“सुई हाली ऱ्हायनी का?”

“हाली ऱ्हायनी अक्का.”

चाकं जमिनीवरून सुटली. अक्कांनी एक मोठा श्वास सोडला, जो हेडफोनमधून वादळासारखा ऐकू आला. मग पूर्ण चक्करभर त्या त्या सुईकडेच बघत राहिल्या. डावीकडे लळिंगचा किल्ला उन्हात तांबडा झाला होता; तो दाखवला तर त्यांनी मान हलवली, पण नजर हलवली नाही. धुळ्याच्या इतिहासात केवळ वेग बघायला विमानात बसलेली ही एकच प्रवासी असावी. उतरल्यावर त्या सरळ डब्यांकडे गेल्या आणि उभ्या-उभ्या दोन पोळ्या खाल्ल्या.

सूर्य तेव्हा गेलेला होता. आबा जीपमध्ये पुढे बसले आणि जाताना मला एवढंच म्हणाले की पुढच्या रविवारी येतो.

पुढच्या रविवारी इंधन नव्हतं. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या. मग पऱ्हाट्यांचा धूर. आबा दोनदा बसने आले आणि क्लबचा चहा पिऊन गेले. इन्स्ट्रक्टरांशी त्यांची मोटारपंपांवरून चांगली मैत्री झाली. संक्रांतीनंतरच्या एका स्वच्छ सकाळी मात्र सगळं जुळलं. या वेळी सोबत जीप नव्हती, ताट नव्हतं. पंखावर पाय ठेवताना आबांनी माझा खांदा धरला, आणि मी खांद्यावर आलेल्या वजनाचा अंदाज घेत उभा राहिलो. अजून एक वर्ष गेलं असतं तर जमलं नसतं.

आमच्या गावावर आलो तेव्हा मी विमान किंचित कलतं केलं, म्हणजे त्यांच्या बाजूने खाली दिसावं. नाला, शाळा, मारुतीचं देऊळ, आमचं पत्र्याचं छप्पर. आबा बराच वेळ काचेला नाक लावून होते.

“इतलंसंच शे का?”

“एवढंच.”

“इतलासा गावमा इतली भांडनं!” ते म्हणाले आणि पोट धरून हसायला लागले. हेडफोनमुळे ते हसणं थेट माझ्या दोन्ही कानांत येत होतं. त्यांचं हसणं इतक्या जवळून मी कधी ऐकलं नव्हतं.

उतरलो. इंजिन बंद केलं. पंखा थांबला. आबांना पट्ट्याचं बक्कल उघडता येईना; दोन-तीनदा चाचपून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि स्वस्थ बसून समोर बघत राहिले. बाहेर इन्स्ट्रक्टर घड्याळावर बोट आपटत ओरडत होते, “सर, आटपा! विद्यार्थी थांबलेत!”

“बक्कल अडकलंय,” मी खिडकीतून ओरडून सांगितलं, आणि ते उघडायला मुळीच हात लावला नाही.